मानेवरचा अंगठा

१

सकाळचा चहा गाळता गाळता बाईंनी मान वर केली, तर समोरच्या खुर्चीत दोन नवरे बसले होते.

दोघांच्याही हातात एकेक कवळी होती आणि दोघेही ती खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून, दाढा तपासत होते. बाईंनी गाळणं खाली ठेवलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. नवरे दोनच.

"अहो," बाई म्हणाल्या, "एक सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले, त्यात हा दुसरा कुठून आणलात?"

नवऱ्याने हसून वर पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. बाईंची डावी पापणी निम्म्याहून खाली उतरली होती.

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. पोरं बाई म्हणायची, पोरांचे आईबाप बाई म्हणायचे, भाजीवालासुद्धा बाईच म्हणायचा आणि वजन जरा जपूनच करायचा. घरात नवरा त्यांना "ए बाई" अशी हाक मारायचा. मुलगी लहान असताना तिला हसवायला म्हणून सुरू केलेलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या कुणी "ए बाई" म्हटलं असतं, तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. जीभ म्हणाल तर पट्टीपेक्षा कडक. नवरा मात्र लोण्यासारखा. पुढच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा प्लास्टर कालवायचा, मेण कोरायचा, आणि मग दिवसभर घासायच्या मोटरची कुरकुर चालू. संसार चांगला चालला होता. दोघांचं बोलणं तेवढं आटलं होतं. बाई बोलायच्या आणि तो ऐकायचा, यालाच बोलणं म्हणत असाल तर मात्र भरपूर होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे नळकांड्यासारख्या यंत्रात घालून फोटो काढले, आणि ते फोटो घेऊन दोघं सर्जनच्या खोलीत बसले. सर्जन शांत माणूस होता, बोलताना टेबलाच्या काचेवर बोटाने रेघा ओढायचा.

"मेंदूला रक्त नेणारी ही डावी मोठी धमनी. डोळ्याच्या मागे तिला फुगवटा आलाय. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो ना, तसा. तो डोळ्याच्या नसा दाबतोय, म्हणून एकाचे दोन दिसतात. असाच ठेवला तर डोळा जाईल, आणि फुटला तर जिवावर बेतेल."

"मग काढा की," बाई म्हणाल्या.

"रस्ते दोन आहेत. एक, कवटी उघडायची. पायातली शीर काढून फुगवट्याला वळसा घालणारी नवी वाट जोडायची, आणि फुगवट्याला क्लिप लावून तो बाद करायचा. मोठं ऑपरेशन, दिवसभराचं, धोक्याचंही. दुसरा, डोक्याला हातच लावायचा नाही. मांडीतून नळी वर न्यायची आणि ही डावी धमनी मानेतच कायमची बंद करून टाकायची. पुष्कळांत उजवी बाजू दोन्हीकडचं काम बिनबोभाट करते."

"आणि माझ्यात नाही केलं तर?"

"म्हणून आधी चाचणी. तुम्ही जाग्या असताना धमनीत एक छोटा फुगा फुगवून वाट थोडा वेळ अडवायची. तेवढ्यात तुम्ही बोलायचं, हात हलवायचा. पास झालात तर बंद करू. नापास झालात तर बायपास."

"जन्मभर पोरांना नापास केलं," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आता आलं उलटून."

मुलगी लांब राहायची आणि तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. तिला यातलं काही कळवायचं नाही, असं दोघांनी परतीच्या वाटेवर ठरवलं.

२

अँजिओची खोली थंडगार होती. मधोमध अरुंद टेबल, त्यावर बाई, आणि डोक्याभोवती फिरणारा यंत्राचा भलामोठा वाकडा हात. मांडीपाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, बाकी बाई टक्क जाग्या होत्या. उजव्या हातात एक रबरी बदक दिलेलं. दाबलं की ते चीं करायचं.

"दाबा म्हटलं की दाबायचं," डोक्याशी उभी असलेली थेरपिस्ट मुलगी म्हणाली. "हात ढिला पडला तर आवाजावरून लगेच कळतं आम्हाला."

"बालवाडीत आले की काय मी," बाई म्हणाल्या.

डाव्या हाताशी नवरा उभा होता. त्याला शिशाचा जड अ‍ॅप्रन चढवला होता आणि त्यात तो पोत्यात भरल्यासारखा दिसत होता. या सर्जनची ही रीतच होती. चाचणीच्या वेळी घरचं एक माणूस आत घ्यायचं. बोलणं बोबडं झालं तर परक्याला उशिरा कळतं, घरच्याला आधी, असं त्यांचं म्हणणं. आणि फुगा उतरवला की त्या घरच्याने रोजच्यासारखी हाक मारायची, पेशंटने ओ द्यायची, मगच चाचणी संपली असं धरायचं.

"फुगा फुगवतोय, बाई."

जबड्याखाली आतून कुणीतरी बोट टेकवल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. बाईंनी थेरपिस्टकडे पाहिलं, ती काहीतरी विचारायला तोंड उघडत होती.

"ए बाई!"

"ओ," बाई म्हणाल्या. "ओरडताय कशाला? फुगवा तर आधी."

खोलीत हशा पिकला. थेरपिस्ट डोळे पुसत होती. "बाई, तुम्ही म्हणजे कमाल आहात! हसवून हसवून मारलंत. झालंसुद्धा सगळं. फुगा उतरवला."

बाईंना वाटलं, चेष्टा करतेय. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. मोठा काटा वरून पार खाली आला होता. घसा कोरडा पडला होता. आणि गाल दुखत होते. गाल कशाने दुखतात ते बाईंना चटकन आठवेना, कारण तसे ते दुखून बरीच वर्षं झाली होती. खूप हसलं की दुखतात.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा उजळला होता, की बाईंना आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. जत्रेत हात सुटलेलं माणूस गर्दीत शोधावं, तसा तो त्यांच्या चेहऱ्यात कुणाला तरी शोधत होता.

३

"मला मधलं काही आठवत नाही," वॉर्डात आल्यावर बाई त्याला हळूच म्हणाल्या. "फुगवला आणि उतरवला, एवढंच. मी बोलले म्हणता, ते मी नाही बोलले."

"घाबरली असशील."

"मी? घाबरले?"

"बरं, मी डॉक्टरांना विचारून येतो." तो उठून गेला आणि थोड्या वेळाने परत आला. "होतं म्हणाले असं. ताणाने विसरायला होतं. काही काळजी नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. हिशेब जुळला की बाई गप्प बसत, मग तो दुसऱ्याने जुळवून दिलेला का असेना.

दुपारी सर्जन फेरीला आले. खूश होते. "पहिल्या वर्गात पास. आता एकदाच, रक्तदाब थोडा उतरवून हीच चाचणी पुन्हा करू. तीत पास झालात की त्याच टेबलावर लगेच धमनी बंद. कवटी उघडायला नको." मग गप्पांच्या ओघात ते सांगू लागले, की हे फुगे वगैरे अलीकडचे. पूर्वीचे डॉक्टर मानेवर अंगठ्यानेच धमनी दाबून धरायचे आणि बघायचे, पेशंटला काय होतं ते. "घरी करून बघू नका हं," ते हसत म्हणाले, "फुगवटा असलेल्या माणसावर असला खेळ महागात पडतो."

"नेमकं कुठे दाबायचे?" नवऱ्याने विचारलं.

बाईंना नवल वाटलं. हा माणूस डॉक्टरांना कधी काही विचारायचा नाही. दुकानदाराला भाव विचारायलाही बाईंना पुढे करायचा. सर्जननी स्वतःच्याच मानेवर बोट ठेवून दाखवलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

४

घरी आल्यावर नवऱ्याने बाईंना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. चहा तो करायचा, पोळ्यासुद्धा त्यानेच लाटल्या, त्रिकोणी का होईना. बाई शेजारणीला म्हणाल्यासुद्धा, "फुगवटा आधीच यायला हवा होता हो, नवरा सुधारला माझा."

दुपारी जेवण झालं की तो म्हणायचा, "पड जरा." बाई पडायच्या. तो डोक्याशी बसून केसांतून हात फिरवायचा. हे आता कुठून आलं, असं बाईंच्या मनात यायचं, पण आयतं सुख कोण नाकारतो? डोळा लागायचा आणि "ए बाई" ऐकून जाग यायची.

पण ती जाग झोपेतून आल्यासारखी नसायची. एकदा जाग आली ती खाटेवर नव्हेच, स्वयंपाकघरात खिडकीपाशी, उभ्याने. समोर दोन कप होते, दोन्ही रिकामे. बाईंच्या तोंडाला वेलचीची चव होती. बाई चहात कधी वेलची घालत नसत.

"मी उठून आले कधी?"

"आत्ताच की. झोपेतच होतीस तू," नवरा कप विसळत म्हणाला.

गोळ्या, बाईंनी स्वतःला समजावलं. डोकं जड ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, माणूस झोपेत चालतं, चहाही पीत असेल. दुसऱ्या खेपेला केसांची वेणी घातलेली होती, सैलसर, खांद्यावरून पुढे घेतलेली. बाई अंबाडा सोडून काही बांधत नसत. त्यांनी वेणी उलगडली आणि तिलाही कारण शोधलं. नवऱ्याने घातली असेल, हौसेने. हात त्याचा चांगला होताच. मग पुढच्या खोलीतली मोटर दुपारची बंदच असते, हे लक्षात आलं. त्यालाही कारण मिळालं. आपल्याला झोप लागावी म्हणून बंद ठेवत असेल बिचारा.

मग शेजारीण आली. "काय बाई, दुपारचं गाणं काय, हसणं काय! भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येतं हो. या वयात मजा आहे तुमची."

"कोण गात होतं?"

"घ्या! आता मलाच विचारा."

शेजारीण गेली. बाईंना गाता येत नव्हतं. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा त्या नुसते ओठ हलवायच्या.

५

एक दिवस "ए बाई" ऐकून जाग आली, तेव्हा मान दुखत होती. बाई सरळ आरशासमोर गेल्या आणि डावा डोळा मिटला, म्हणजे एकच बाई दिसल्या.

जबड्याखाली, डाव्या बाजूला, एक पांढरा ठसा होता. त्यांनी बोटाने थोडा खरवडला. वाळलेलं प्लास्टर. ठशातल्या रेघान् रेघा दिसत होत्या, आणि एका बाजूला तिरकी चीर. नवऱ्याच्या अंगठ्यावर कोरायच्या हत्याराची तशीच जुनी चीर होती.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. सगळी कारणं एका पाठोपाठ एक गळून पडली.

"अहो, इकडे या."

तो आला. आरशात त्याने ठसा पाहिला आणि पंचा घेऊन उगाच हात पुसायला लागला.

"डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं होतं ना, घरी करू नका म्हणून? फुटला असता तर?"

"अगदी हलकं दाबतो. थोडाच वेळ."

"कशासाठी?"

तो खाली बसला. "ती येते," शेवटी म्हणाला.

"कोण ती?"

"तूच. म्हणजे तुझाच आवाज. पण मला अरे म्हणते. विचारते, आज काय केलंस, दाखव की. परवा एक कवळी दाखवली, तर हातात धरून तिलाच बोलायला लावलं तिने, म्हाताऱ्यासारखं. मी इतका हसलो... तू माझं काम शेवटचं कधी पाहिलंस, सांग बरं."

"आणि बाकी? तिला सगळं ठाऊक असतं? घर, मी, आपली पोर?"

"पोरीचा विषय काढला की गप्प होते," तो चाचरत म्हणाला. "नुसती बघत राहते. तेवढं एक सोडलं तर..."

"तेवढं एक!" बाईंचा आवाज चढला. "लोक बाहेर भानगडी करतात, निदान लाजेने लपवतात तरी. तुम्ही माझ्याच मानेवर अंगठा ठेवून मला सवत आणलीत, ती पण माझ्याच कातडीत! वर केसांतून हात फिरवून. आणि मी शेजारणीला सांगत सुटले, नवरा सुधारला म्हणून. केसाने गळा कापलात माझा."

तो रडायला लागला. बाईंनाही रडू येत होतं, पण त्यांना अजून विचारायचं होतं. प्रश्न अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

"डॉक्टरांना काय सांगितलंत त्या दिवशी?"

"काहीच नाही. गेलोच नाही मी त्यांच्याकडे. जिन्यात उभा राहून परत आलो."

"मी परत कशी येते?"

"मी हाक मारतो तेव्हा. अंगठा काढून काही होत नाही. त्या खोलीत फुगा उतरवल्यावर त्या थेरपिस्टने दोनदा बाई, बाई केलं, तर ओ तिनेच दिली. मी हाक मारली तेव्हा तू आलीस. एकदा..." तो थांबला.

"एकदा काय?"

"एकदा घरी मी बराच वेळ हाक मारलीच नाही. संध्याकाळ झाली. ती तशीच बसून होती माझ्याजवळ. मग मलाच भीती वाटली."

बाईंनी खाटेची कड धरली. "आणि तेवढा वेळ मी कुठे असते?"

"तिला विचारलं होतं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, इथेच आहे. बघतेय."

दोघांनीही आपसूक खोलीत इकडेतिकडे पाहिलं. खोली रोजचीच होती. खुर्ची, खाट, वाळत टाकलेला टॉवेल.

"मला एकच सांगा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्या नकळत अगदी बारीक झाला. "आमच्यातली कोण हवीय तुम्हाला?"

"तू," तो म्हणाला. त्याने बाईंचे दोन्ही हात धरले. "तूच गं. चुकलो मी. पुन्हा हात लावणार नाही. आणि त्या दिवशी टेबलावर मी हाक मारीन. पहिल्यांदा मारली तशीच मारीन. मुलीची शप्पथ."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दोन नवरे रडत होते. डावा डोळा मिटला तेव्हा एकच राहिला, आणि तोही रडत होता. अख्खा जन्म ज्याच्याबरोबर काढला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणाच्या?

६

दुसऱ्या चाचणीआधी बाईंनी सर्जनला सगळं सांगितलं. म्हणजे अंगठ्याचं सोडून सगळं. ते सांगायला जीभ रेटेना. शेवटी ती घरातली गोष्ट होती, आणि नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची हिंमत त्या कडक जिभेला झाली नाही.

"मधला सगळा वेळ कोरा?" सर्जन एकदम सावध झाले. "हे मला कुणी बोललं नाही."

"राहून गेलं," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

"मला बायपास करा," बाई म्हणाल्या. "उघडा कवटी. मी भीत नाही."

"गरज नसताना नाही उघडणार. पण तुम्ही म्हणता तसं होत असेल, तर धमनीही बंद करणार नाही. मेंदूला तेवढं रक्त पुरत नाही, असाच त्याचा अर्थ." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "फुगा वर असताना ती थेरपिस्ट मुलगी तुम्हाला एक चित्र दाखवील. उतरवल्यावर हे हाक मारतील आणि मग मी विचारीन, कसलं चित्र होतं. नाही सांगता आलं, तर काम तिथेच थांबवायचं आणि पुढे बायपास. ठीक?"

बाईंच्या मनावरचा धोंडा उतरला. नापास व्हायचं होतं, एवढंच. हाकेला जागं व्हायचं आणि म्हणायचं, आठवत नाही.

"की या वेळी घरचं कुणी नको आत? ती थेरपिस्टच मारील हाक," सर्जन बोलता बोलता म्हणाले. नवरा शांतपणे बसला होता.

त्या मुलीच्या हाकेला कोण ओ देईल, ते बाईंना ठाऊक होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "हेच असू देत."

७

पुन्हा तीच थंडी, तोच वाकडा हात, मुठीत तेच बदक. नवऱ्याने अ‍ॅप्रनमधून हात काढून बाईंचं बोट धरलं. त्याचा हात कोरडा होता, प्लास्टरचा मागमूस नव्हता. नखांतूनसुद्धा घासून काढलेलं.

"फुगा फुगवतोय, बाई."

या वेळी सहजासहजी जायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. त्यांनी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस एके एकोणतीस. जबड्याखाली बोट टेकलं. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. डोळ्यांसमोर दोन नवरे होते, दोन सर्जन, दोन दिवे, रोजच्यासारखेच एकमेकांवर तिरके चढलेले. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.

मग ती दोन चित्रं एकमेकांपासून सरकू लागली.

आधी बोटभर. मग हातभर. एक चित्र ठसठशीत होतं, त्यात सगळी माणसं होती, दिवा होता, टेबल होतं. दुसरं फिकट, पाण्याने धुतल्यासारखं. बाई ठसठशीत चित्राकडे बघत होत्या. त्यात टेबलावर एक बाई निजली होती, आणि ती त्यांना बाजूने दिसत होती. कानाजवळचे पांढरे केस दिसले. कानातली कुडी दिसली. माणसाला स्वतःचा कान आरशाशिवाय दिसत नाही, हे बाईंना समजत होतं. मग मी कुठून बघतेय? त्यांनी आपला हात बघायला मान वळवली. वळवायला मान नव्हती. होतं ते फिकट छत, फिकट यंत्र, आणि फिकट नवरा, ज्याच्या समोर कुणीच नव्हतं.

"दाबा," थेरपिस्ट म्हणाली. चीं, बदक वाजलं, लांबून, जड दाराआडून यावं तसं. "हे काय आहे, बाई?"

"छत्री," टेबलावरची म्हणाली. आवाज बाईंचाच, पण त्यात कुठे टोक नव्हतं. "आणि ती धर तुझ्याच डोक्यावर. केस बघ कसे पिंजारलेत."

हशा झाला. तिने मान किंचित कलती केली. तिची डावी पापणी खाली उतरलेली नव्हती. तो डोळा टक्क उघडा होता, माणसांवर नव्हता, आणि पापणी न लववता फिकट बाजूला बघत होता. बाईंकडे. चेहरा हसत होता आणि त्या डोळ्यात हसू नावालाही नव्हतं.

"रक्तदाब उतरवलाय. सगळं व्यवस्थित," सर्जन पडद्याकडे बघत म्हणाले. "चला, फुगा उतरवतोय. हाक मारा."

बाई सगळा जीव गोळा करून थांबल्या. एवढीच हाक यायची होती. ती आली की त्या येणार होत्या, म्हणणार होत्या आठवत नाही, आणि मग उघडू देत कवटी, लावू देत टाके, काय वाटेल ते होऊ दे.

नवरा टेबलावर वाकला. त्याचे ओठ त्या कानाशी गेले.

"अरे," ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच.

त्याचे ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही. मग त्याने डोकं वर केलं आणि बाजूला पाहिलं. बाई जिथे होत्या बरोबर तिथे. कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत असं सरळ पाहिलं नव्हतं. त्याला दिसत होतं, ठाऊक होतं, याबद्दल बाईंना तिळभरही शंका उरली नाही. अहो, त्या ओरडल्या. अहो, मी इथे आहे, शप्पथ घेतलीत तुम्ही, पोरीची शप्पथ घेतलीत. ते ओरडणं कुणाच्याच तोंडातून बाहेर पडलं नाही.

त्याने मान फिरवली.

"मारलीत?" सर्जननी विचारलं.

"मारली."

"बाई, मगाशी कसलं चित्र दाखवलं?"

"छत्री."

"मधलं सगळं आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? सगळं आठवतंय."

सर्जन तरीही टेबलापाशी आले. सावध माणूस होता. त्यांनी तिची आता पुन्हा खाली उतरलेली डावी पापणी उचलून डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मग नवऱ्याकडे वळले. "घरचे तुम्ही. मला तुमचंच ऐकायचंय. आपल्या नेहमीच्या बाई याच ना? मनात जराशी शंका असेल तरी आत्ताच सांगा, मी थांबतो. एकदा धमनी बंद केली, की मला ती पुन्हा उघडता येणार नाही."

तिने त्याचं बोट धरलं होतं. त्याने ते सोडवलं नाही.

"हीच," तो म्हणाला. "शंका नाही काही. करा बंद."